नाताळच्या भेटीतून घरात शिरलेला ट्रान्झिस्टर

१८ ऑक्टोबर १९५४ रोजी अमेरिकेत एका छोट्या रेडिओची घोषणा झाली. नाव रीजन्सी टीआर-१. उंची पाच इंच, रुंदी तीन इंच, जाडी सव्वा इंच, वजन सुमारे ३४० ग्रॅम. बाजारात विक्रीला आलेला हा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ. नोव्हेंबरात तो न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथील दुकानांत मांडला गेला. हे महिने योगायोगाने ठरले नव्हते. नाताळच्या भेटवस्तूंचा हंगाम गाठायचा होता, आणि त्या एका मुदतीने या यंत्राचे बरेचसे रूप ठरवले.

ट्रान्झिस्टरचा जन्मही नाताळच्या तोंडावरचाच. २३ डिसेंबर १९४७ रोजी बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी तो आपल्या वरिष्ठांना चालवून दाखवला. पण पुढची काही वर्षे सामान्य ग्राहकाच्या हाती काहीच आले नाही. ट्रान्झिस्टर महाग होता, शिवाय एकाच घाण्यातून निघालेले दोन नग सारखे वागतील याची खात्री नसे. लष्कर आणि टेलिफोन कंपन्या हेच त्याचे मुख्य गिऱ्हाईक. ठळक अपवाद श्रवणयंत्रांचा. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी कर्णबधिरांसाठी केलेल्या कार्याच्या स्मरणार्थ श्रवणयंत्रांपुरते स्वामित्वधन माफ करण्यात आले होते.

डॅलसची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही तेव्हा फार मोठी कंपनी नव्हती. जमिनीखालचे तेल शोधण्याच्या व्यवसायातून ती वाढलेली. १९५२ मध्ये २५,००० डॉलर भरून तिने ट्रान्झिस्टर बनवण्याचा परवाना घेतला. कंपनीचे सूत्रधार पॅट हॅगर्टी यांच्यापुढचा पेच सरळ होता. ट्रान्झिस्टर स्वस्त व्हायचा, तर तो लाखोंनी बनायला हवा. लाखोंनी बनायचा, तर तो लाखोंनी खपायला हवा. आणि महाग असेपर्यंत तो खपणार कसा?

हॅगर्टी यांचे उत्तर होते खिशातला रेडिओ. १९५४ च्या मध्यास कंपनीच्या अभियंत्यांनी एक नमुना घाईघाईने उभा केला. तो घेऊन ते मोठ्या रेडिओ उत्पादकांकडे गेले, पण तिथे कोणी उत्साह दाखवला नाही. त्यांचे व्हॉल्व्हचे रेडिओ उत्तम खपत होते. चालता धंदा कोण मोडेल? अखेर इंडियानापोलिसमधील आयडीईए ही लहान कंपनी तयार झाली. टीव्हीच्या अँटेनाला जोडायचे बूस्टर ती ‘रीजन्सी’ या नावाने विकत असे.

इथे हिशेब उलट्या टोकाने सुरू झाला. आधी किंमत ठरली, मग रेडिओ. भेटवस्तू म्हणून खपायची तर ती ५० डॉलरच्या आत हवी, म्हणून ४९ डॉलर ९५ सेंट. मूळ नमुन्यात होते तितके ट्रान्झिस्टर या किमतीत बसेनात. आयडीईएचे अभियंते रिचर्ड कोच यांनी मंडलाची नव्याने रचना करून काम चारांवर आणले. हे चार ट्रान्झिस्टर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सुमारे १० डॉलरला द्यायचे ठरले. बाजारात तेव्हा त्यांचा भाव याच्या कितीतरी पट होता. उरलेल्या सुट्या भागांचेही हाल होते. एवढ्या लहान पेटीत मावतील असे स्पीकर आणि कपॅसिटर पुरवठादारांकडून मुद्दाम करवून घ्यावे लागले. कल्पना पक्की झाल्यापासून दुकानापर्यंतचा सारा प्रवास सहा महिन्यांच्या आसपास उरकला.

घाईची आणि काटकसरीची किंमत आवाजाने चुकवली. तो पातळ आणि किरकिरा होता. २२.५ व्होल्टची बॅटरी वीसएक तासांत संपे. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने १९५५ मध्ये या रेडिओच्या दर्जावर टीका केली, आणि ती रास्तच होती. अमेरिकेत तेव्हा किमान वेतन तासाला ७५ सेंट होते. म्हणजे त्या वेतनावरील कामगाराने साडेसहासष्ट तास राबावे, तेव्हा हा रेडिओ हाती यावा. त्याहून कमी पैशांत घरी ठेवायचा, खणखणीत आवाजाचा व्हॉल्व्ह रेडिओ मिळत असे.

तरीही लोकांनी तो मागितला, आणि हीच भेटवस्तूची गंमत. स्वतःसाठी घेताना माणूस उपयोग तोलतो; दुसऱ्याला देताना घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य तोलतो. रीजन्सीचा रेडिओ काळा, हस्तिदंती, लाल आणि करडा अशा रंगांत आला. कातडी पिशवी आणि इअरफोन वेगळे पैसे देऊन घ्यायचे. त्याच्या देखण्या बाह्यरूपाचे कौतुक झाले. तबकडीवर मात्र ६४० आणि १२४० या आकड्यांपाशी दोन छोट्या खुणा होत्या. अणुहल्ला झाल्यास सरकारी सूचना ऐकण्याच्या त्या जागा. नाताळच्या खाऊत शीतयुद्धाचा हा खडा त्या काळी कोणाला फारसा टोचला नसावा.

पैसे आईवडिलांचे आणि कान मुलांचे, अशी वाटणी पुढे रूढ झाली. बैठकीतला रेडिओ वडील लावतील ते ऐकवी. खिशातला रेडिओ मुलांचा स्वतःचा होता. रॉक अँड रोल नेमके याच वर्षांत आकाशवाणी केंद्रांवर येत होते.

पण सर्वांत दूरवर परिणाम करणारी भेट मुलांना मिळाली नव्हती. आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन धाकटे यांचे अभियंते व्हॉल्व्ह सोडायला राजी नव्हते. ट्रान्झिस्टर भरवशाचा नाही, असे त्यांचे म्हणणे. वॉटसन यांनी सुमारे शंभर रीजन्सी रेडिओ विकत घेतले आणि जो अभियंता तक्रार करी त्याच्या हाती एक ठेवला. १९५७ मध्ये आयबीएमने नव्या यंत्रांतून व्हॉल्व्ह हद्दपार करण्याचे धोरण स्वीकारले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ट्रान्झिस्टरच्या पुरवठ्याचा करार टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सशी केला. हॅगर्टी यांना जे गिऱ्हाईक हवे होते, ते हेच.

आयडीईएच्या पदरी त्या मानाने थोडे पडले. टीआर-१ चे सुमारे एक लाख नग विकले गेले, पण नफ्याचे प्रमाण नगण्य राहिले. मैदान मारले टोकियोच्या एका कंपनीने. तिने १९५५ मध्ये आपला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ काढला, आणि १९५७ मध्ये सहा ट्रान्झिस्टरचा टीआर-६३ अमेरिकेत ३९ डॉलर ९५ सेंटला आणला. तो नेहमीच्या सदऱ्याच्या खिशात मावत नसे, म्हणून विक्रेत्यांना मोठ्या खिशांचे सदरे शिवून दिल्याची आठवण अकिओ मोरिता यांनी नोंदवली आहे. पुढच्याच वर्षी कंपनीने आपले नाव बदलून सोनी केले.

मराठीत तर त्या सुट्या भागाचे नावच साऱ्या यंत्राला चिकटले. खिशातला वा खांद्याला अडकवायचा रेडिओ म्हणजे ‘ट्रान्झिस्टर’. लग्नाच्या आहेरात त्याला मानाचे स्थान होते. फक्त आहेर मिळाला की टपाल कचेरीत जाऊन परवाना काढावा लागे, आणि ही अट १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली.

हॅगर्टी यांनी हाच डाव पुन्हा मांडला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये बनवलेले इंटिग्रेटेड सर्किटही सुरुवातीला महागच होते. १९६५ मध्ये हॅगर्टी यांनी किल्बी यांच्याकडे हातात मावेल असा कॅल्क्युलेटर मागितला. १९६७ मध्ये त्याचा नमुना तयार झाला, १९७० मध्ये त्यावर आधारलेला पॉकेट्रॉनिक जपानच्या कॅनन कंपनीच्या नावाने विक्रीस आला. १९७२ मध्ये आलेल्या डेटामॅथवर मात्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने स्वतःचेच नाव घातले.