अप्पू हत्ती आणि मजुरांचा एक रुपया

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांना एखाद्या प्राण्याचे शुभचिन्ह देण्याची प्रथा फार जुनी नाही. १९६६ साली इंग्लंडमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत ‘विली’ नावाचा सिंह आला. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला ‘वाल्डी’ हा कुत्रा मिळाला आणि १९८० साली मॉस्कोने ‘मिशा’ अस्वल पुढे केले. हे प्राणी लहान मुलांच्या करमणुकीसाठी असतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. यजमान राष्ट्राला स्वतःविषयी जगाला जे सांगायचे असते, ते त्याच्या शुभचिन्हातून सांगितले जाते. पाश्चात्त्य व्यंगचित्रकार रशियाला हिंस्र अस्वलाच्या रूपात रंगवीत आले होते. मॉस्कोने तेच अस्वल हसरे आणि गुबगुबीत करून जगासमोर ठेवले, आणि तेही अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांच्या निषेधार्थ अमेरिकेसह अनेक राष्ट्रांनी बहिष्कार टाकला असताना. तेव्हा शुभचिन्हाकडे पाहताना ते काय दाखवते याबरोबरच ते काय झाकते, हेही विचारले पाहिजे.

हा प्रश्न आपल्या देशाच्या बाबतीत विचारायचा तर १९८२ सालच्या दिल्लीतील नवव्या आशियाई स्पर्धांकडे वळावे लागते. त्या स्पर्धांचे शुभचिन्ह होते ‘अप्पू’ नावाचे हत्तीचे पिल्लू. आशियाई स्पर्धांच्या इतिहासातील हे पहिलेच शुभचिन्ह. १९ नोव्हेंबर १९८२ रोजी, म्हणजे तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या वाढदिवशी, स्पर्धांचे उद्घाटन झाले. केरळातून आणलेले शृंगारलेले हत्ती जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये मिरवले. रंगीत दूरदर्शन नुकतेच सुरू झाले होते. त्यामुळे तो थाट देशातील अनेक सुखवस्तू घरांत पोचला.

हत्तीच का निवडला, याचे उत्तर सोपे वाटते. ऐरावत हे इंद्राचे वाहन, गजमुख हे गणपतीचे रूप, अंबारी हे राजवैभवाचे लक्षण. पण हत्तीवर एकट्या राजाचा आणि पुरोहिताचा हक्क कधीच नव्हता. मायादेवीच्या स्वप्नात आला तो पांढरा हत्ती. राजगृहाच्या रस्त्यावर पिसाळून अंगावर आलेला नालागिरी बुद्धाच्या मैत्रीपुढे शांत झाला. अजिंठ्याच्या भिंतीवर छद्दंत जातकातील हत्ती आहे, आणि ओरिसातील धौली येथे अशोकाच्या शिलालेखाच्या माथ्यावर खडकातून बाहेर येणारा हत्ती कोरलेला आहे. पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी हत्ती हीच होती. एकाच प्राण्याच्या पाठीवर अशा दोन परंपरा आहेत. एक अंबारीची आणि दुसरी करुणेची. दिल्लीने कोणती उचलली, हे कळण्यासाठी स्टेडियमच्या आत पाहून भागत नाही. ते बांधणाऱ्यांकडे पाहावे लागते.

त्या स्पर्धांसाठी दिल्लीत उड्डाणपूल, स्टेडियम, जलतरण तलाव, हॉटेले आणि खेळाडूंचे निवासस्थान अशी कामे घाईने उरकण्यात आली. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून जमादारांनी मजूर आणले. ठरलेली किमान मजुरी रोजची ९ रुपये २५ पैसे. कंत्राटदार ही रक्कम जमादाराच्या हाती देई आणि जमादार प्रत्येकामागे रोज एक रुपया कापून उरलेले ८ रुपये २५ पैसे मजुराला देई. स्त्रियांच्या हाती तर ७ रुपयेच पडत. चौदा वर्षांखालील मुलेही या कामांवर होती. कायद्याच्या भाषेत हे सारे नुसते ‘मजूर’. परंतु गावात जमीन कोणाला नसते आणि दुष्काळात गाव सोडून प्रथम कोण निघते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

तीन समाजशास्त्रज्ञांनी कामाच्या जागी जाऊन पाहणी केली. तिच्या आधारे ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले, आणि ते पत्रच याचिका म्हणून दाखल झाले. मजूर कंत्राटदारांचे आहेत, मग आमचा काय संबंध, असा सरकारपक्षाचा बचाव होता. न्यायमूर्ती भगवती व न्यायमूर्ती बहरुल इस्लाम यांनी तो फेटाळला. १८ सप्टेंबर १९८२ रोजी, उद्घाटनाला दोन महिने असताना, निकाल लागला. त्याचा गाभा असा : किमान मजुरीपेक्षा कमी दामात माणूस राबतो तेव्हा तो भुकेच्या सक्तीने राबतो; म्हणून ती संविधानाच्या कलम २३ ने मनाई केलेली वेठच होय. बांधकाम हे धोक्याचे काम असल्याने कलम २४ नुसार तेथे चौदा वर्षांखालील मुले लावता येणार नाहीत, असेही न्यायालयाने बजावले.

वेठ हा शब्द आपल्याला कोशात शोधावा लागत नाही. महारवतनाच्या नावाखाली गावाची आणि सरकारची अष्टौप्रहर चाकरी करावी लागे, तीही तुटपुंज्या बलुत्यावर. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या संविधानात वेठबिगारीची बंदी मूलभूत हक्क म्हणून आली. अप्पूच्या स्टेडियमपाशी ज्या कलमाचा अर्थ विस्तारला, त्याच्या मागे गावकुसाबाहेरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला अनुभव उभा आहे.

अप्पू ज्यावरून चितारला ते पिल्लू खरे होते. केरळातील कुट्टीनारायणन हे त्याचे नाव. पुढे मैल्याच्या टाकीत पडून त्याचा पाय मोडला. तो पुरता बरा झालाच नाही, आणि २००५ साली तो मेला. त्याचे नाव आणि त्याची जखम नोंदली गेली, हे योग्यच झाले. पण तशाच टाक्यांत उतरून गुदमरणाऱ्या माणसांची नावे या देशाने किती जपली? स्टेडियम बांधणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आज कोणाला सांगता येतील?

२०१० साली दिल्लीतच राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. शुभचिन्ह बदलले, ‘शेरा’ वाघ आला. आणि मजुरांच्या हक्कांसाठी त्याच संघटनेला पुन्हा न्यायालयात, या वेळी दिल्ली उच्च न्यायालयात, जावे लागले. अठ्ठावीस वर्षांत निकालपत्र जुने झाले, जमादार जुना झाला नाही. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये उत्तर प्रदेशातील उद्यानांतले दगडी हत्ती निवडणूक आयोगाच्या आदेशाने झाकण्यात आले, कारण ते बहुजन समाज पक्षाची निशाणी होते. निवडणुकीचा नियम म्हणून त्या आदेशाची चर्चा करता येईल. परंतु एक हत्ती राष्ट्राचा म्हणून मिरवतो आणि दुसऱ्याची चर्चा उधळपट्टी म्हणून होते, हा फरक कोण ठरवतो, हे सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलेच पाहिजे.

प्रतीके कोणाच्याही मालकीची नसतात. जो त्यांना अर्थ देतो, त्याची ती होतात. यापुढे आपल्या देशात जेव्हा एखादा हसरा प्राणी जगाच्या स्वागताला उभा राहील, तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी त्याच्या पायाखालची वीट पाहावी, आणि ती वाहणाऱ्याला पूर्ण दाम मिळाला का, हे विचारावे. कलम २३ त्यासाठीच आहे.