स्थळरेखाटन : बारामती व इंदापूर परिसर

स्थळरेखाटन : समोर चाललेले रोजचे जीवन त्याच जागी बसून किंवा उभ्याने पाहत कागदावर उतरवण्याची चित्रपद्धती. छायाचित्रावरून घरी काढलेले चित्र किंवा निव्वळ कल्पनाचित्र यात मोडत नाही. एसटी स्टँड, आठवडे बाजार, चहाची टपरी, देवळाचा ओटा, न्हाव्याचे दुकान, कालव्यावरचा पूल अशी माणसांच्या वावराची ठिकाणे हा तिचा विषय. निसर्गचित्रात माणूस पुष्कळदा झाडाची किंवा वाड्याची उंची कळण्यापुरता येतो. स्थळरेखाटनात जागा आणि तिथली माणसे यांचे नाते हाच चित्राचा गाभा असतो. कलामहाविद्यालयांत ‘रॅपिड स्केचिंग’ या नावाने याच पद्धतीचा सराव घेतात. रेखाटनाच्या कोपऱ्यात जागेचे नाव, तारीख आणि जमल्यास वेळही लिहिण्याची रीत आहे. तेवढ्याने तो कागद चित्र तर राहतोच, शिवाय पुराव्याची नोंदही होतो.

या नोंदीत मराठी मुलखातील या पद्धतीची वाटचाल थोडक्यात दिली असून, पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या शेजारी तालुक्यांत तिला मिळणाऱ्या विषयांचा विशेष विचार केला आहे.

मराठी मुलखातील वाटचाल : अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुणे दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्याबरोबर स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात वावरत होता. सवाई माधवराव पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रशाळा भरू लागली. तिथे तयार झालेला गंगाराम चिंतामण तांबट हा पाहून रेखाटणाऱ्या मराठी चित्रकारांतला मूळ पुरुष म्हणावा लागेल. त्याने वेरूळची लेणी जागेवर जाऊन रेखाटली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडाही कागदावर उतरवला. त्याची बरीच चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहत होते, तो काळ हाच.

मुंबईत १८५७ मध्ये सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली. तिथे शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग याने १८७० च्या सुमारास सरकारी कामासाठी उत्तर हिंदुस्थानात फिरून विणकर, लाकूडकाम करणारे असे कारागीर कामात गढलेले असताना रेखाटले. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी ही नजर मुंबईच्या रस्त्यांकडे वळवली. ते १८९० मध्ये या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले आणि शिक्षक म्हणून १९३१ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मकथनाच्या नावात हाच हिशेब आहे. एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) या पुस्तकातील त्यांची चित्रे आणि त्यांची पोस्टकार्डे यांतून मुंबईतल्या नाना जातीजमातींचे पेहराव, चालण्याची ढब, डोक्यावरची ओझी टिकून राहिली. गोव्याचे मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांनी तरुणपणी चित्रमय दैनंदिन्या लिहिल्या. गावातली लग्ने, मिरवणुका, शेजारीपाजारी त्यांत आहेत. पुढे जगभरातील शहरे त्यांनी याच सवयीने रेखाटली. पुण्याचे मिलिंद मुळीक यांच्या पुस्तकांमुळे जलरंगातील स्थळचित्रण महाराष्ट्रभरच्या हौशी मंडळींपर्यंत पोचले.

जागतिक पातळीवर या पद्धतीला संघटित रूप आले ते २००७ मध्ये. स्पेनमध्ये जन्मलेले, सिएटलमधील वृत्तपत्रचित्रकार गाब्रिएल कांपानारियो यांनी ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ सुरू केली. प्रत्यक्ष पाहूनच काढावे, दिसले त्याच्याशी प्रामाणिक राहावे, साधन कोणतेही चालेल आणि शक्य तेव्हा मिळून रेखाटावे, असे तिच्या जाहीरनाम्याचे सार आहे. २०१० पासून तिची आंतरराष्ट्रीय संमेलने भरू लागली. मुंबई व पुण्यातही तिचे गट जमतात. मात्र नावात ‘शहर’ असले तरी ही पद्धत महानगरापुरती नाही. जिथे माणसे रोज ठरल्या जागी भेटतात, ती प्रत्येक जागा तिची आहे.

बारामतीतील विषय : बारामती कऱ्हा नदीच्या काठी वसली आहे. नदीकाठचे काशीविश्वेश्वराचे देऊळ, सिद्धेश्वराचे देऊळ आणि बाबूजी नाईकांचा वाडा ही जुन्या गावाची ठिकाणे. देवळांचे दगडी बांधकाम, वाड्याची तटासारखी भिंत आणि शेजारून जाणारी आजची वर्दळ एकाच चौकटीत येते. जुना दगड गडद, जवळजवळ सपाट छटेत ठेवला आणि पुढची माणसे मोकळ्या रेषेत सोडली, तर दोन्ही काळ वेगळे उमटतात.

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बांधलेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती व इंदापूर या दुष्काळी पट्ट्याचे रूप पालटले. ऊस आला, गूळ आला, पुढे माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात. पाचटाच्या कोप्या, त्यांच्यापुढची तीन दगडांची चूल, उसाने लादलेल्या बैलगाड्यांची कारखान्याच्या फाटकाशी लागलेली रांग हा परिसरातील सर्वांत बोलका विषय आहे. रांगेतला बैल तासन्‌तास फार हलत नाही; नवशिक्याने जनावराच्या रेखाटनाचा हात इथे बसवावा.

औद्योगिक वसाहतीतील पियाजिओच्या कारखान्यात ‘आपे’ ही तीनचाकी तयार होते. समोरून निमुळती, मागे पेटीसारखी ही गाडी भाजीबाजारापासून शाळेच्या दारापर्यंत सगळीकडे दिसते. बारामतीचा रस्ता रेखाटताना ती टाळता येत नाही आणि टाळूही नये. या गावाची ती खूण आहे.

इंदापुरातील विषय : इंदापूर हे पुणे–सोलापूर महामार्गावरील तालुक्याचे गाव. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी गढी आणि चाँदशाहवली बाबांचा दर्गा ही इथली जुनी स्थळे. नीरा व भीमा यांच्या संगमावर नीरा-नरसिंहपूरचे लक्ष्मीनृसिंहाचे देऊळ व घाट आहे. घाटाच्या पायऱ्यांच्या आडव्या रेषा आणि त्यांवर कपडे पिळणारी, सूर्याला अर्घ्य देणारी माणसे यांमुळे यथादर्शनाचा धडा इथे आपोआप मिळतो.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी तालुक्याच्या उत्तर कडेला पसरले आहे. भिगवण आणि कुंभारगावच्या काठावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि पाहुण्यांची गर्दी होते. रेखाटणाऱ्याने पक्ष्यांकडे पाहावेच. पण काठावरच्या होड्या, वाळत घातलेली जाळी आणि भिगवणच्या मासळी बाजारातला लिलाव यांकडे पाठ फिरवू नये. लिलावात सगळ्यांचे डोळे ढिगाकडे आणि ओरडणाऱ्याच्या हाताकडे लागलेले असतात, त्यामुळे चित्राचा केंद्रबिंदू शोधावा लागत नाही. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. गाव उठून वर गेले, देऊळ खाली राहिले. नाहीशा होणाऱ्या जागेची वेळीच नोंद का हवी, हे या परिसराला निराळे सांगावे लागत नाही.

पालखीमार्ग : संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीला जाताना बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला गोल रिंगण होते. पताकावाले, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी असे धावतात आणि अश्व दौडतो. सराटीला नीरेत पादुकांचे स्नान झाले की पालखी सोलापूर जिल्ह्यात जाते.

रिंगणात धावता घोडा पकडण्याच्या नादात कागद वाया जातो. आधी गर्दीचे कडे, पताकांच्या तिरप्या रेषा आणि मधली पालखी मांडून घ्यावी. घोड्यासाठी जागा मोकळी सोडावी. तो दोन-तीनदा समोरून गेला की एका झटक्यात ओढावा. मुक्कामाची दुपार याहून सोपी. झाडाखाली आडवे झालेले वारकरी, पाय चेपणारा सोबती, दाढी करून घेणारा म्हातारा, टँकरभोवतीची रांग यांत वारीचे घरगुती रूप दिसते.

साधने : एक वही, एक पेन्सिल किंवा पेन एवढ्यावर काम भागते. पेन्सिल मऊ, ४बी किंवा ६बी असावी. फाउंटन पेन, पाण्याने न फुटणारी शाई, लहान जलरंगपेटी व पाण्याची बाटली ही पुढची भर. दांडेकर बंधूंच्या कॅमलिनने (स्थापना १९३१) शाई व रंग शाळकरी मुलांपर्यंत पोचवले, तर पुण्याच्या हातकागद संस्थेने (१९४०) जाड, पाणी धरणारा कागद दिला. वही हातात मावेल एवढीच असावी. मोठा बोर्ड उघडला की गर्दी चित्राभोवती जमते आणि विषयच पांगतो.

हा पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश असल्याने उन्हाळ्यात जलरंगाचा हात फिरवेपर्यंत कागद सुकतो. म्हणून सपाट लेप लहान भागांत द्यावा किंवा सकाळी नऊच्या आत काम उरकावे. मे महिन्यातल्या दुपारी सावल्या पायाखाली जातात आणि इमारतींना उठाव राहत नाही. सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या अर्धे चित्र काढून देतात.

तंत्र : प्रथम आपल्या डोळ्यांच्या पातळीची क्षितिजरेषा ठरवावी. सपाट जागी उभ्याने रेखाटत असल्यास आपल्याएवढ्या उंचीच्या जवळच्या-दूरच्या सगळ्या माणसांचे डोळे याच रेषेवर येतात. जमिनीवर बसल्यास ती रेषा उभ्या माणसांच्या कमरेच्या आसपास जाते. एवढे सांभाळले तरी बाजारातली गर्दी जमिनीवर नीट उभी राहते. नंतर न हलणारे मांडावे : खांब, छत, हातगाडी. माणसे शेवटी. माणूस निघून गेला तर त्याच जागी येणाऱ्या दुसऱ्यावरून आकृती पुरी करता येते. चहावाला, भेळवाला, शिंपी यांचे हात पुनःपुन्हा त्याच ठिकाणी येतात. त्यांच्या कामाची एक फेरी नुसती पाहावी आणि दुसऱ्या फेरीपासून ओढायला लागावे. खोडरबर घरी ठेवावे. चुकलेली रेषा पुसण्यापेक्षा शेजारी बरोबर रेषा ओढल्यास नजर पक्की होत जाते.

संकेत : देऊळ, दर्गा, रुग्णालय, रेल्वे स्थानक अशा ठिकाणी आधी विचारावे. नदीघाटावर अंघोळ करणाऱ्यांचे आणि दुःखात असलेल्यांचे रेखाटन करू नये. जवळून माणूस काढला तर त्याला वही दाखवावी. ग्रामीण भागात ‘काय लिहिताय?’ हा प्रश्न सरकारी मोजणीच्या धास्तीने येतो. वही पुढे केली की धास्ती संपते आणि माहितीचा झरा सुटतो. दुकान कुणाचे, झाड कधीचे, पूर्वी इथे काय होते, हे तिथेच चित्राखाली टिपून घ्यावे.

शिक्षण : महाराष्ट्रात शासनाचे कला संचालनालय एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घेते. दोन्हींत स्मरणचित्र हा विषय आहे. बाजार, बसथांबा, जत्रा असे प्रसंग मुलांना आठवणीतून काढायचे असतात. प्रत्यक्षात अनेक मुले शिकवणीत घोटून घेतलेल्या त्याच चार आकृत्या काढतात : घागर घेतलेली बाई, फुगेवाला, सायकलवाला, पाठमोरा मुलगा. आठवण भरायची तर आधी पाहायला हवे. आठवड्यातून एक तास वर्ग स्टँडवर किंवा बाजारात नेला, तर स्मरणचित्राला खरी शिदोरी मिळेल. त्याला खर्च काही नाही. पाठकोरे कागद आणि एक पेन्सिल पुरते.

महत्त्व : मोठ्या शहरांची चित्रे, नकाशे, छायाचित्रे पुष्कळ आहेत. तालुक्याच्या गावांच्या वाट्याला ती कमी आली आणि बदल मात्र तितक्याच वेगाने आला. रस्ते रुंद झाले, वाड्यांच्या जागी व्यापारी संकुले आली, बैलगाडीची जागा ट्रॅक्टर घेत आहे. मोबाईलमधले छायाचित्र क्षणात निघते आणि हजारोंत हरवते. रेखाटणारा एका जागी अर्धा तास बसतो. काय ठेवायचे, काय सोडायचे हे ठरवतो. म्हणून त्याच्या वहीत गावाची निवडक आणि समजून घेतलेली आठवण उरते. बारामती-इंदापूरच्या शाळांनी, ग्रंथालयांनी आणि नगरपरिषदांनी अशा वह्या मागवून, जागा-तारखेसह जपून ठेवाव्यात. ज्याच्या हाती पेन्सिल आहे त्याने येत्या बाजाराच्या दिवशी पहिले पान भरावे आणि कोपऱ्यात तारीख घालायला विसरू नये.