‘आय्’ कीं ‘जे’? : एका जर्मन शिकारी बंदुकीवरील अक्षराचा निर्णय

ताम्रपट, शिलालेख, नाणीं व मुद्रा यांचें वाचन करणाऱ्या मंडळींपुढें शिकारीच्या बंदुकीचा विषय मांडणें कित्येकांस विलक्षण वाटेल. परंतु धातूवर कोरलेलीं अक्षरें, आंकडे व चिन्हें हीं जर ‘लेख’ या संज्ञेस पात्र असतील, तर युरोपांतील जुन्या शिकारी बंदुकीइतका लेखसंपन्न पदार्थ घरगुती वस्तूंत क्वचितच सांपडेल. अशा एका बंदुकीवरील एकच अक्षर आम्हीं चुकीचें वाचलें. त्या चुकीची दुरुस्ती करणें, आणि त्या निमित्तानें अशा वस्तू वाचाव्या कशा व राखाव्या कशा याचा विचार करणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ज्या जातीच्या बंदुकीविषयीं येथें लिहावयाचें आहे तिला ‘बोल्ट-ॲक्शन’ म्हणतात. दाराची कडी उचलून सरकवावी त्याप्रमाणें हिची मूठ वर उचलून मागें ओढली म्हणजे रिकामें काडतूस बाहेर पडतें; पुढें लोटून खालीं दाबली म्हणजे नवें काडतूस कोठींत बसून नळीचें तोंड बंद होतें. प्रशियाच्या सैन्यानें 1841 सालीं स्वीकारलेली ड्रायझे याची ‘सुईची बंदूक’ ही या पद्धतीची आद्य सैनिकी बंदूक होय. पुढें नेकार नदीवरील ओबर्नडोर्फ येथील पॉल माउझर (1838–1914) यानें ही रचना पूर्णत्वास नेली; त्याची 1898 सालची घडण आजहि अनेक शिकारी बंदुकींचा पाया आहे. ऑस्ट्रियांत श्टायर येथें मॅनलिकर व शोनॉवर या दोघांच्या नांवाची 1903 ची बंदूक निघाली. तिच्यांत काडतुसें एका फिरत्या चातीभोंवतीं बसतात, आणि तिचा बोल्ट इतका अलगद सरकतो कीं, ज्यानें ती एकदां हाताळली त्यास त्या कारागिरांची योग्यता निराळी सांगावी लागत नाहीं. मूळ सैन्याकरितां योजिलेल्या या यंत्रांना अक्रोडाच्या लांकडाचा दस्ता व हलकी नळी जोडून त्यांच्याच शिकारी आवृत्त्या तयार झाल्या, व त्या आफ्रिकेपासून हिंदुस्थानापर्यंत पसरल्या.

हिंदुस्थानांत या बंदुका पुष्कळदां इंग्रज पेढ्यांच्या नांवानें आल्या. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस 1907 सालीं नजर करण्यांत आलेली .275 रिग्बी हें याचें प्रसिद्ध उदाहरण. तिच्या दस्त्यावर त्या प्रसंगाची चांदीची पट्टी आहे आणि पेढीचें नांव लंडनचें आहे. परंतु तिचें यंत्र माउझरचें. दानपत्रावर दात्याचें नांव ठळक असतें; पत्रा कोणी ठोकला हें शोधूनच काढावें लागतें, तसाच हा प्रकार.

आतां आमच्या बंदुकीकडे वळूं. देशावरील एका जुन्या घराण्यांतील आठ मिलिमीटरची एक जर्मन शिकारी बंदूक 2018 सालीं आम्हांस पाहावयास मिळाली. नळीच्या डाव्या कुशीवर काडतुसाचें नांव होतें. तें आम्हीं ‘8×57 जे’ असें वाचलें, वहींत उतरून घेतलें, आणि एवढ्यावर न थांबतां ‘जे’ म्हणजे ‘यागड्’, अर्थात् जर्मन भाषेंत मृगया, असा अर्थहि लावून मोकळे झालों. शिकारी बंदूक आणि मृगयेचें आद्याक्षर! व्युत्पत्ति इतकी सुंदर जुळली कीं ती तपासण्याची इच्छाच आम्हांस झाली नाहीं. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास हा मोह नेहमींचाच आहे.

पुढें एक जुनें जर्मन पुस्तक चाळीत असतां ‘इंडियन’, म्हणजे हिंदुस्थान, या शब्दाचें पहिलें अक्षर आमच्या डोळ्यांत भरलें. त्याच पानावर ‘येना’ या नगराच्या नांवाचें पहिलें अक्षरहि अगदीं त्याच वळणाचें होतें. जर्मन लोकांच्या जुन्या कोनदार लिपींत मोठा ‘आय्’ व मोठा ‘जे’ यांचें रूप एकच असतें. तेव्हां आमचा ‘जे’ हा ‘जे’ नसून ‘आय्’ होता, व तो ‘इन्फांटेरी’, म्हणजे पायदळ, या शब्दाचें आद्याक्षर होता. मृगयेचा तेथें गंधहि नव्हता. पडिमात्रेचा दंड काना समजून वाचणारा जसा नवाच शब्द निर्माण करतो, तसेंच हें झालें. समाधान एवढेंच कीं, या चुकींत आम्ही एकटे नाहीं. लॅटिन वळणाच्या छपाईंत त्या जागीं ‘जे’ बसला, तो रूढ झाला, आणि काडतुसांच्या नांवांत अद्यापहि तो आढळतो.

या अक्षराचें महत्त्व केवळ पाठभेदापुरतें नाहीं. जर्मन सैन्याच्या परीक्षा-समितीनें 1888 सालीं जें काडतूस ठरविलें, त्याच्या गोळीचा व्यास सुमारें 8.07 मिलिमीटर होता. (त्या काडतुसास लोक सर्रास माउझरचें म्हणतात, पण त्याच्या निर्मितींत माउझरचा हात नव्हता, अनामिक ग्रंथ प्रसिद्ध नांवावर चढावा, त्यांतलीच ही गोष्ट.) 1905 सालीं सैन्यानें टोंकदार व हलकी ‘एस्’ गोळी घेतली, तिचा व्यास सुमारें 8.22 मिलिमीटर. काडतुसाची लांबी तीच आणि बाह्यरूप जवळजवळ तेंच. शिकारी बंदुका मात्र त्यानंतरहि कित्येक वर्षें दोन्ही मापांत बनत राहिल्या. जुन्या अरुंद नळींत नवी जाड गोळी घातली तर दाब भलताच वाढतो, व प्रसंगीं नळी फुटून माणूस जायबंदी होतो. ‘आय्’ आहे कीं ‘आय्-एस्’ आहे, हा प्रश्न म्हणून शिकाऱ्याच्या डोळ्यांचा व हातांचा प्रश्न होता.

याखेरीज नळीवर इतर लेखहि असतात, आणि त्यांतील बरेचसे दस्त्याच्या लांकडाखालीं झांकलेले असतात. जर्मनींत 1891 च्या कायद्यानें प्रत्येक बंदुकीची सरकारी परीक्षा आवश्यक झाली व त्याचा अंमल 1893 पासून सुरू झाला. मुकुटाखालीं ‘बी’ म्हणजे स्फोटाची परीक्षा झाली. मुकुटाखालीं ‘यू’ म्हणजे तपासणी झाली. मुकुटाखालीं ‘जी’ म्हणजे नळीस आंतून वळणदार खांचा आहेत. 1940 पासून मुकुट जाऊन त्या जागीं गरुड आला. यावरून एकाच दृष्टिक्षेपांत कालनिर्णयाची एक मर्यादा हातीं लागते.

नवशिक्या संग्राहकास सर्वांत चकविणारा लेख म्हणजे ‘172,28’ यासारखा आंकडा. हा क्रमांक नव्हे, सालहि नव्हे. जर्मन लोक दशांशचिन्हाच्या जागीं स्वल्पविराम लिहितात, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. नळीच्या पोकळीएवढ्या व्यासाच्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक इंग्रजी पौंड भरतो, ती ही संख्या. 172.28 गोळ्यांचा एक पौंड होण्यास प्रत्येकीचा व्यास सुमारें 7.62 मिलिमीटर असावा लागतो. हें पोकळीचें माप झालें. खांचांची खोली त्यांत मिळविली म्हणजे आपण आठाच्या घरांत येतों. आमच्या ज्योतिषग्रंथांत ‘शर’ म्हणजे पांच व ‘नाग’ म्हणजे आठ हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास शकाचा आंकडा जसा लागत नाहीं, तसेंच येथेंहि संकेत ठाऊक नसेल तर आंकडा मुका राहतो.

राजकारणाचा ठसाहि या बंदुकींवर उमटलेला असतो. पहिल्या महायुद्धानंतर 1919 च्या व्हर्सायच्या तहामुळें जर्मनींत सैनिकी मापाच्या शस्त्रांवर निर्बंध आले. त्यांतून वाट काढण्यासाठीं काडतुसाची कोठी तीन मिलिमीटरनें लांब करून 8×60 हें नवें माप प्रचारांत आलें. 57 चे 60 कां झाले याचें उत्तर कारखान्यांत नसून तहाच्या मसुद्यांत आहे. तसेंच 1925 पासून कांहीं दशकें, परदेशी बंदूक इंग्लंडांत परीक्षेस गेली म्हणजे तिच्यावर ‘इंग्रजी बनावटीची नव्हे’ अशा अर्थाचा ठसा पडे. मूळ सनदेवर मागाहून पडलेल्या शेऱ्याप्रमाणें तो वस्तूच्या प्रवासाची साक्ष देतो.

आतां आमच्या दोषाचा दुसरा भाग सांगितला पाहिजे, व तो पहिल्याहून गंभीर आहे. अक्षराचें खरें रूप समजल्यावर ती बंदूक पुन्हां पाहण्यास आम्ही गेलों. मध्यंतरीं 2019 सालच्या दुरुस्तीनें परवानाधारकास तीनऐवजीं दोनच शस्त्रें बाळगण्याची मर्यादा आली होती, व घराण्यांतील ही तिसरी बंदूक जमा करावयाची ठरली होती. वडिलोपार्जित वस्तु घरांतून जाणार ती निदान चकचकीत होऊन जावी, या भावनेनें घरांतील एका तरुणानें कुरुंदाच्या कागदानें नळी घांसून तिला आरशासारखी झिलई आणली होती. शंभर वर्षांची निळसर काळी झांक गेली, आणि तिच्याबरोबर डाव्या कुशीवरील लेखहि गेला. त्याची एकमेव साक्ष म्हणजे आमच्या वहींतील हस्तलिखित, आणि तें चुकीचें! त्या दिवशीं आम्हीं कागद ठेवून पेन्सिलीनें ठसा घेतला असता तर अक्षराचें वळण तरी आज दाखवितां आलें असतें. ‘जे’पुढें ‘एस्’ होता व तो आमच्या नजरेंतून सुटला कीं काय, हीहि शंका त्यामुळें उत्पन्न झाली.

सुदैवानें लांकडाखालचा भाग वांचला होता. परवानाधारक बंदूककारागिरानें दस्ता उतरविल्यावर मुकुटांकित अक्षरें, 172,28 हा आंकडा, आणि ‘14,7 जी. एस्‌टी. एम्. जी.’ हा लेख स्वच्छ दिसला. त्याचा अर्थ 14.7 ग्रॅम वजनाची पोलादी आवरणाची गोळी. 1888 ची गोळी याच वजनाची. ‘एस्’ गोळी सुमारें 10 ग्रॅमची. कारागिरानें शिशाचा एक गोळा नळींतून हळूच ढकलून त्यावर उमटलेल्या खांचा मोजल्या, तेव्हां माप जुन्या अरुंद नळीचें भरलें. दोन स्वतंत्र पुरावे एकत्र आले, आणि पाठ निश्चित झाला : ‘8×57 आय्’. बंदूक पुढें रीतसर जमा झाली. आम्हांपाशीं उरले ते लांकडाखालील लेखांचे ठसे. या वेळीं ते घेण्यास आम्ही विसरलों नाहीं.

1972 च्या वन्यजीवसंरक्षण कायद्यानें शिकार संपली, तें योग्यच झालें. परंतु त्या काळांतील हीं यंत्रें घरोघरच्या कपाटांतून आतां निघत आहेत, व जमा होण्यापूर्वींचे थोडे दिवस हेच तीं वाचण्याचे अखेरचे दिवस आहेत. पोथीवरील पुसट शाई गिरवूं नये हें आपण जाणतों. तद्वत् जुन्या नळीवर घांसकागद चालवूं नये, झांक नवी करूं नये, पुसट अक्षर खोल करूं नये. तेलाचें बोट पुरे. कायदेशीर परवानगी असेल तेथें जाणत्या कारागिराकडून दस्ता उतरवून आंतील लेखांचा ठसा घ्यावा, आणि वाचन मागाहून करावें.

आमच्या वहींतील ‘जे’ आम्हीं खोडलेला नाहीं. तो तसाच ठेवून समासांत ‘आय्’ असें लिहिलें आहे, व खालीं चूक कशी झाली तें नमूद केलें आहे. पुढील वाचकास आमचें अज्ञानहि उपलब्ध असावें, हेंच बरें. इत्यलम्.