बदाम, बुद्धी आणि जवसाची चटणी

‘बदाम खा, बुद्धी वाढेल’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले असते. पुढे चष्मा कुठे ठेवला हे आठवेनासे झाले, की तोच सल्ला पुन्हा ऐकावा लागतो. हा समज आला कुठून, याचा माग काढायचा तर मी नवी मुंबईपासून सुरुवात करीन. कारण सुक्या मेव्याचा मोठा घाऊक व्यापार आज तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये चालतो.

पूर्वी तो मशीद बंदर आणि मांडवीच्या चिंचोळ्या गल्ल्यांत होता. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली आणि शहरातली गर्दी कमी करण्यासाठी घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आले. मसाला आणि सुका मेवा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला, तर फळे-भाजीपाला १९९६ मध्ये. त्याच काळात मालही बदलत गेला. एकेकाळी बदाम म्हटले की काबूल-कंदाहार आठवे. आता जगातले सुमारे ८० टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात आणि आपल्या दुकानांतही तेच जास्त दिसतात. मामरा बदाम मात्र अजूनही अफगाणिस्तान-इराणकडूनच येतो.

दूरदेशीचा हा माल महाग, म्हणून तो सणासुदीला, बाळंतिणीच्या लाडवात आणि पैलवानाच्या थंडाईत दिसे. म्हणजे मान होता तो ताकदीचा. चरकसंहितेतही तेच आहे. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात वाताम म्हणजे बदाम आणि अक्षोट म्हणजे अक्रोड हे जड, उष्ण, स्निग्ध आणि बलदायक म्हटले आहेत. तिथे बुद्धीचे नाव नाही! चरकांनी सांगितलेली चार मेध्य रसायने वेगळीच आहेत : मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. बदामाला मेंदूचे बळ मानले ते युनानी हकिमांनी. अक्रोडाची कथा आणखी गमतीची. त्याचा गर मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो डोक्याला हितकर, असे विल्यम कोल्स या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञाने १६५७ मध्ये लिहून ठेवले.

मग आजचे शास्त्र काय म्हणते? बार्सिलोनातल्या वयस्कांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भूमध्य सागरी पद्धतीच्या जेवणाबरोबर रोज ३० ग्रॅम सुका मेवा खाणाऱ्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा चांगली राहिली. पण २०२० मध्ये सातशेहून अधिक निरोगी वृद्धांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांतल्या निम्म्यांनी दोन वर्षे रोज अक्रोड खाल्ले होते, तरी बुद्धीच्या कसोट्यांत एकूण लक्षणीय फरक दिसला नाही. मूठभर सुका मेवा हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना हितकर आहे, याला चांगला आधार आहे, आणि मेंदूला रक्त याच वाहिन्यांतून मिळते. एवढे खात्रीने म्हणता येते. चार बदामांनी गणितात गुण वाढतील, असे मात्र कोणत्याही अभ्यासाने दाखवलेले नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरात डोकावू. विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी घ्या. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ जातीच्या स्निग्धाम्लाचा असतो. अक्रोडाचे कौतुक होते तेही याच घटकासाठी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, बदामात सुमारे २१. भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आला, पण आता आपल्या उसळीपासून लाडवापर्यंत सगळीकडे मुरला आहे. भोगीच्या भाकरीवरचे तीळ आणि कारळ्याची चटणी हीही याच घराण्यातली. बदामाचे मोठेपण खोटे नाही. त्यात ई जीवनसत्त्व भरपूर आहे. पण त्याच्या बुद्धिदात्या कीर्तीत दुर्मिळपणाचा आणि किमतीचाही वाटा आहे, असे मला वाटते.

म्हणून ज्या आईला महिन्याच्या किराण्यात बदाम बसवता येत नाहीत, तिने आपले मूल मागे पडेल या धास्तीने जीव कष्टी करू नये. मुलाच्या मेंदूला हवा असतो पोटभर चौरस आहार आणि पुरेशी झोप. चिमुकल्यांना अख्खा दाणा न देता कूट द्यावे, म्हणजे तो घशात अडकायची भीती नाही. परवडत असतील त्यांनी बदाम जरूर खावेत. बाकीच्यांच्या डब्यात पोळीबरोबर जवसाची किंवा दाण्याची चटणी असली, तरी काही कमी पडत नाही.