निव्वळ उत्पन्नाची मोजणी आणि अर्थशास्त्राची मर्यादा

जुन्या दप्तरांचा संग्रह करणारांच्या हातीं जमाबंदीचे कागद पुष्कळ येतात. परंतु बखरी, महजर व सनदा यांच्या मानानें त्यांची कदर कमी होते. ताळेबंद, खतावणी, वसूलबाकी हे कागद रुक्ष खरे. तथापि अर्थशास्त्रासारखें समर्थ शास्त्र पुणें जिल्ह्यांत एकदां कसें फसलें, हें कळावयास अशाच कागदांची गरज आहे. ती हकीकत येथें थोडक्यांत मांडावयाची आहे.

हकीकतीचा उगम पुण्याहून फार दूर आहे. ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या मुलकी नोकरांच्या शिक्षणासाठीं इंग्लंडांत जें कॉलेज काढलें, तें पुढें हेलिबरी येथें नांदलें. त्यांत इ.स. १८०५ मध्यें नेमलेला माल्थस १८३४ सालीं मरेपर्यंत इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत होता. जमिनीच्या खंडाविषयींचा त्याचा निबंध १८१५ सालचा व रिकार्डोचा प्रसिद्ध ग्रंथ १८१७ सालचा. त्यांच्या सिद्धांताचा मतितार्थ असा: धान्याचा भाव लागवडींतील सर्वांत निकस जमिनीच्या खर्चावर ठरतो, त्याहून सरस जमिनींत मजुरी, भांडवल व त्यावरील वाजवी नफा वजा जातां जें उरतें, तो खंड. हा खंड मजुरीचाहि भाग नव्हे व नफ्याचाहि नव्हे. म्हणून सरकारनें तो घेतला तरी शेतीस धक्का बसत नाहीं. जेम्स मिल हा १८१९ पासून कंपनीच्या लंडनच्या कचेरींत होता व त्याचें मत याच बाजूचें होतें.

१८१८ मध्यें पेशवाई गेली. एल्फिन्स्टननें आरंभीं जुनी वहिवाट शक्य तों राखण्याचें धोरण ठेविलें. पुढें, १८२८ च्या सुमारास, माल्थसचाच विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल यानें पुणें जिल्ह्याच्या पाहणीचें काम चालविलें. त्याची रीत सरळ होती. जमिनीची मोजणी करावी. मगदुराप्रमाणें प्रती लावाव्या. प्रत्येक प्रतीचें एकंदर पीक अजमावावें. बियाणें, खत, बैल, अवजारें व माणसांची मेहनत यांचा खर्च वजा करावा. राहिलेल्या मालाची सरासरी भावानें रुपयांत किंमत करावी. आणि या निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ सरकारी आकार बसवावा. रयतेच्या हितासाठीं इतका नेमकेपणा पूर्वीं कोणीं केला नव्हता, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि त्याच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं.

परिणाम मात्र उलट झाला. नवा आकार १८३० च्या सुमारास लागू होतांच वसूल तुंबूं लागला. सूट द्यावी लागली. वसुलासाठीं जुलूम झाले. जमिनी पडीक पडल्या व कित्येक कुळें शेजारच्या संस्थानांत निघून गेलीं. थोड्याच वर्षांत ही पद्धति सोडून द्यावी लागली.

याचीं कारणें सामान्यतः दोन सांगतात: एक, हाताखालच्या कामगारांनीं लांच खाऊन प्रती खोट्या लाविल्या, दुसरें, धान्याचे भाव उतरले व पाऊस दगा देऊं लागला. दोन्ही खरीं आहेत. पण तेवढ्यावर थांबलें तर मूळ दोष दृष्टीआड होतो. कामगार सर्व सचोटीचे असते व भाव स्थिर राहते, तरी निव्वळ उत्पन्नाचा आंकडा विश्वसनीय निघाला नसता असें आम्हांस वाटतें.

कुणब्याच्या घरांतील खर्चाचा हिशेबच पाहा. बायकापोरें शेतांत राबतात, त्यांस कोणी रोज देत नाहीं. ही मेहनत बाजारच्या दरानें धरावी तर कित्येक शेतांचें निव्वळ उत्पन्न शून्याखालीं जाईल; मुळींच न धरावी तर नापीक शेतहि किफायतीचें दिसेल. शेणखत घरचें, वैरण शेतांतली, बैल कर्जाचा. बलुतेदारांचें बलुतें खळ्यावर धान्यानें जातें. तें खर्च म्हणावें कीं गांवाचें देणें? यांतील एकाहि प्रश्नाचें उत्तर जमीन मोजून मिळत नाहीं. तें हिशेब करणाराच्या संकेतानें मिळतें, आणि संकेत बदलला कीं आकार बदलतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. रिकार्डोच्या डोळ्यांसमोरचा शेतकरी भांडवलवाला होता. शेतींत नफा नसेल तर तो भांडवल काढून दुसऱ्या धंद्यांत घालील, हें त्याच्या सिद्धांताचें गृहीत. आमचा मिरासदार तोटा आला म्हणून मिरास टाकीत नाहीं. ती त्याच्या वडिलांची, गांवांतील मानपानाची. तो सावकाराकडे जातो. त्यामुळें नफ्याबाहेरचा खंड म्हणून सरकारनें जें घेतलें, तें कित्येक ठिकाणीं खंड नसून कुळाच्या पोटाची भाकरी होती. उपरी मात्र उठून जातो, म्हणून पडीक जमीन तरी दिसते; मिरासदाराचें कर्ज सरकारी आंकड्यांत दिसत नाहीं.

शास्त्राच्या घरांतहि हा दोष ओळखणारा निघाला. रिचर्ड जोन्स यानें १८३१ मध्यें खंडावर ग्रंथ लिहून दाखविलें कीं, भांडवलवाल्या शेतकऱ्याचा खंड जगाच्या फार थोड्या भागांत आढळतो. रयत राजास देते तो खंड निराळ्या जातीचा, आणि तो रूढि व राजसत्ता यांवर ठरतो. माल्थसच्या मागें हेलिबरीची जागा १८३५ मध्यें याच जोन्सला मिळाली, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

त्याच सुमारास गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत नवें काम हातीं घेतलें. त्यांनीं निव्वळ उत्पन्न नक्की करण्याचा नाद सोडला. मातीचा पोत व खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती केल्या आणि सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत त्यांचें परस्परांशीं मान ठरविलें. एकंदर आकार किती हें मागील वसूल, लागवड व भाव यांच्या इतिहासावरून ठरविलें. आकार हलका झाला व ३० वर्षांसाठीं कायम झाला. येथें शास्त्रानें आपली मर्यादा कबूल केली आणि इतिहासाची मदत घेतली.

परंतु इतिहासालाहि मर्यादा आहे, हें मुदत संपतांच दिसलें. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन युद्धामुळें कापसाचे भाव चढले, रेल्वेच्या कामांनीं मजुरी वाढली. १८६७ मध्यें इंदापुरची फेरपाहणी झाली, तिनें या चढत्या भावांचा आधार घेऊन आकार पुष्कळ वाढविला. पुढें भाव उतरले. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला व खतें जाळण्यांत आलीं. त्याचा किती दोष वाढीव आकाराकडे व किती सावकारीकडे, याविषयीं मतभेद आहे. परंतु चार-पांच तेजीच्या वर्षांस तीस वर्षांचा नियम समजणें ही चूक निर्विवाद होती.

न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ मध्यें डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत, अर्थशास्त्राचे सिद्धांत गृहीतांवर उभे असून तीं गृहीतें जेथें नाहींत तेथें सिद्धांत जसेच्या तसे लावूं नयेत, असें प्रतिपादिलें. वरील हकीकत त्याचेंच उदाहरण होय. यावरून अर्थशास्त्र त्याज्य ठरत नाहीं. प्रतींच्या तुलनेची कल्पना मुळांत खंडाच्या सिद्धांतांतलीच. ती विंगेटनेंहि टाकली नाहीं. सिद्धांत कोणता प्रश्न विचारावा हें शिकवितो. उत्तर गांवांत शोधावें लागतें.

आणि गांवचें उत्तर संग्राहकांच्या हातीं आहे. म्हणून एक विनंती. भावाची नोंद सांपडल्यास नुसता भाव उतरून घेऊं नये. पायली कोणत्या पेठेची, रुपया अंकुशी कीं चांदवडी, बट्टा किती, साल सुहूर कीं फसली, हेंहि टिपावें. बिघा वीस पांडांचा असला तरी काठी गांवोगांव निराळी. तिची लांबी मिळाल्यास सोडूं नये. जमेचा आंकडा मागणीचा कीं वसुलाचा, हें पाहिल्याशिवाय त्यावर अनुमान बांधूं नये. आणि सावकाराच्या चोपड्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. कारण प्रिंगलच्या हिशेबांत न दिसलेलें कर्ज दिसलें तर तेथेंच दिसेल.