रक्तरस-नेत्रबिंदू

रक्तरस-नेत्रबिंदू : रुग्णाच्याच रक्तापासून तयार केलेले औषध. स्वच्छमंडल (बुबुळावरील पारदर्शक पडदा) आणि त्याच्या भोवतालची नेत्रश्लेष्मला यांवरील रेंगाळलेली जखम, रक्तातील वृद्धिघटकांच्या साहाय्याने भरून यावी, यासाठी ते डोळ्यात थेंबाथेंबाने घालतात.

अशा जखमेचे एक कारण म्हणजे दाहक पदार्थाने डोळा पोळणे. नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड व दिंडोरी या तालुक्यांत, या विषयाची निकड द्राक्षबागांमुळे जाणवते. केवडा रोगाच्या बंदोबस्तासाठी फवारावयाचे एक टक्का बोर्डो मिश्रण १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना १०० लिटर पाण्यात मिळवून करतात. हा चुना पाण्यात विरताना उकळी फुटल्यासारखा उसळतो आणि पिंपावर वाकलेल्या माणसाच्या डोळ्यात त्याचा शिंतोडा उडण्यास निमिषही पुरते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीच्या काडीवरील डोळे (अंकुर) एकसारखे फुटावेत म्हणून लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइडही असेच दाहक आहे. घरांतून तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी हाताळणारी लहान मुलेही या अपघातास बळी पडतात. आम्ल पदार्थ डोळ्यातील प्रथिने गोठवितो व त्या गोठलेल्या थरापाशी बहुधा अडतो. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मात्र पेशींच्या आवरणातील मेदाचे साबणात रूपांतर करून खोल उतरत जातो, आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.

येथे प्रथम आणि ठासून सांगावयाचे ते हे की, अशा प्रसंगी पहिले औषध स्वच्छ पाणी होय, रक्तरस नव्हे. डोळा जागच्या जागी किमान अर्धा तास वाहत्या पाण्याने धुवावा आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. तेथे नेत्रवैद्य वरची पापणी उलटून तिच्या आतल्या वळचणीस चिकटलेले चुन्याचे कण कापसाच्या बोळ्याने टिपून काढतो व खालच्या पापणीच्या खोबणीत कसोटी-कागद टेकवून अल्कता उतरली की नाही ते पाहतो. उतरली नसेल तर धुणे पुन्हा सुरू. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिक येथेच आहे. बागाईतदार व मजूर यांच्यापर्यंत आधी डोळा धुण्याची ही ताकीद पोहोचविण्याचे काम या शहरातील वैद्यक-शिक्षकांइतके सोयीने दुसऱ्या कोणास करता येईल, असे वाटत नाही.

साध्या ओरखड्यावर स्वच्छमंडलाची उपकला (सर्वांत वरचा पेशीस्तर) थोड्याच दिवसांत आपण होऊन पसरते. दाहक पदार्थाने पोळलेल्या, अश्रू आटलेल्या, अथवा नागीण व मधुमेह यांमुळे संवेदना हरपलेल्या डोळ्यात मात्र ती जखम आठवडे उलटले तरी मिटत नाही, कारण अश्रूंतून मिळणारे पोषण तुटलेले असते. रक्तरसाचे महत्त्व येथे आहे. अश्रूंतील उपकला-वृद्धिघटक, चेता-वृद्धिघटक, अ जीवनसत्त्व आणि पेशींना तळाशी धरून ठेवणारे फायब्रोनेक्टिन ही द्रव्ये रक्तरसातही असतात, आणि औषधनिर्मात्याच्या कृत्रिम अश्रूंत ती नसतात. उपकला-वृद्धिघटकाचा शोधही डोळ्याशीच निगडित आहे : स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा त्यांच्या मिटलेल्या पापण्या नेहमीपेक्षा कितीतरी आधी उघडल्या, त्या निरीक्षणातून हा घटक हाती आला व कोहेन यांना १९८६ साली रीता लेव्ही-माँताल्चिनी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

कृती : शिरेतून काढलेले रक्त, गोठणरोधक न घालता, नळीत स्थिर ठेवून गोठू देतात, गोठताना बिंबाणू फुटून त्यांतील वृद्धिघटक बाहेर पडतात. नंतर केंद्रोत्सारी यंत्रात फिरवून वर निवळलेला पिवळसर रक्तरस निर्जंतुक रीतीने काढून घेतात व लवणजलाने सौम्य करून बहुधा वीस टक्क्यांवर आणतात. कारण त्यातील एक घटक अश्रूंच्या मानाने फार अधिक असून उपकलेची वाढ उलट मंद करू शकतो. यात परिरक्षक नसतो, म्हणून कुप्या गोठवून साठवितात, वापरावयाची तेवढी एक शीतकपाटात ठेवतात आणि सुमारे आठवड्यानंतर टाकून देतात. कुपीचे तोंड पापणीस लागल्यास औषधच संसर्गाचे कारण होते, म्हणून थेंब कसे घालावेत हे रुग्णास स्वतः करून दाखविणे उत्तम. या नेत्रबिंदूंच्या दुसऱ्या प्रकारात गोठणरोधक घालून रक्त हळू फिरवितात व बिंबाणूंनी समृद्ध रक्तद्रव मिळवितात.

इतिहास : १९७५ मध्ये राल्फ व त्यांचे सहकारी यांनी रसायनाने पोळलेल्या डोळ्यांवर हा उपाय प्रथम योजला, १९८४ मध्ये फॉक्स प्रभृतींनी तो शुष्क डोळ्यांसाठी वापरला, आणि १९९९ मध्ये जपानमधील त्सुबोता यांच्या लेखांनंतर त्याचा सर्वत्र प्रसार झाला. भारतात, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, तीव्र रासायनिक दाहावर नाळेतील रक्ताचा रस वापरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो रुग्णाच्या स्वतःच्या रक्तरसाहूनही सरस ठरला. शुष्क डोळ्यांविषयी मात्र दाखला अपुरा आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यास थोडा लाभ दिसला तो पहिल्या दोनच आठवड्यांपुरता.

या औषधाची मर्यादाही स्पष्ट आहे. स्वच्छमंडलाच्या कडेला असलेल्या मूलपेशी म्हणजे उपकलेची रोपवाटिका. तीच जळून गेली तर पोषण पुरवूनही काही उगवत नाही. अशा डोळ्यांसाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील वीरेंद्र संगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत अवलंबितात : निरोगी डोळ्याच्या कडेचा अल्पसा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून, ते गर्भवेष्टनाच्या पटलावर पसरून बसवितात.