विनलंडची गाथा आणि एक गायिका

इतिहास हा दप्तरांत आणि शिलालेखांतच सांपडतो, अशी आपणां सुशिक्षितांची समजूत असते. तथापि ज्या लोकांनीं आपला भूतकाळ प्रथम मुखोद्गत राखिला, ते पुढें कितीही ग्रंथसंपन्न झाले तरी त्याच्याकडे पुनः पुनः गाण्याच्याच वाटेनें जातात. २००५ सालीं 'लीव्ह्ज आइज' या जर्मन-नॉर्वेजियन वाद्यवृंदानें 'विनलंड सागा' नांवाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली, ती या गोष्टीचें उत्तम उदाहरण होय. कोलंबसाच्या पूर्वीं सुमारें पांचशें वर्षें अमेरिकेच्या किनाऱ्यास लागलेल्या लेइफ एरिक्सन या दर्यावर्द्याची सफर हा तिचा विषय आहे.

'मेटल' म्हणून ओळखलें जाणारें हें संगीत विद्युत्-गिटार आणि धडधडणारे ड्रम यांवर उभारलेलें असतें. नाट्यगीतांवर वाढलेल्या कानांस तें प्रथम कर्कशच वाटतें. परंतु त्या गदारोळावरून लिव्ह क्रिस्तिन हिचा सौम्य, उंच स्वर तरंगत जातो, तेव्हां वादळी समुद्रावर एखादें शीड दिसावें तसा भास होतो. ही गायिका नॉर्वेंतील स्टाव्हांगरची. १९९३ मध्यें तेथेंच निघालेल्या 'थिएटर ऑफ ट्रॅजेडी' या संघानें पुरुषाचा गुरगुरता आणि स्त्रीचा कोमल आवाज समोरासमोर ठेवण्याची रीत रूढ होण्यास मोठा हातभार लाविला. २००३ मध्यें तो संघ सोडल्यावर तिनें अलेक्झांडर क्रुल या जर्मन संगीतकारासह हा नवा वाद्यवृंद उभारिला. लोकगीतांच्या वळणाच्या चाली या मुद्रिकेंत जागोजाग येतात. एका गीताचें नांव 'गीत' या अर्थाच्या आयरिश शब्दानें सुरू होतें, तर अखेरच्या गीतास 'आगमन' या अर्थाचें नॉर्वेजियन नांव दिलें आहे.

आतां मूळ इतिहासाकडे वळूं. विनलंडची हकीकत दोन आइसलंडी सागांत येते: एक ग्रीनलंडकरांची, दुसरी लाल एरिकची. दोन्ही तेराव्या शतकांतल्या मानल्या जातात, म्हणजे घटनांनंतर दोनशें वर्षांनीं लिहिलेल्या. आपल्या बखरींप्रमाणेंच त्यांतही वंशाभिमान, अद्भुत आणि सत्य हीं एकमेकांत विणलेलीं आहेत. एकींत ती भूमि प्रथम ब्यार्नीनें दुरून पाहिली आणि लेइफनें त्याचेंच जहाज विकत घेऊन तिचा शोध केला. दुसरींत लेइफ समुद्रावर भरकटून तेथें पोंचला. अशा परस्परविरुद्ध साक्षींवर विश्वास किती ठेवावा?

याचें उत्तर शेवटीं कुदळीनें दिलें. १९६० मध्यें हेल्गे इंग्स्टाड यांनीं न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोंकास लान्स-ओ-मेडोज येथें जुन्या वस्तीच्या खुणा हेरल्या, आणि त्यांच्या पत्नी आन्न स्टीने इंग्स्टाड यांनीं उत्खनन करून तेथील आठ इमारतींचे अवशेष उजेडांत आणिले. २०२१ मध्यें, सन ९९३ च्या विश्वकिरणांच्या उद्रेकाची खूण लांकडाच्या वलयांत शोधून, तेथील लांकूड सन १०२१ मध्यें तोडलें गेल्याचें शास्त्रज्ञांनीं दाखविलें. लेइफ स्वतः तेथें राहिला, हें यानें सिद्ध होत नाहीं. परंतु सागांच्या मुळाशीं खरी सफर होती, हें निःसंशय ठरतें.

त्या उत्खननांत सांपडलेली एक लहानशी वस्तु मला सर्वांत बोलकी वाटते. ती म्हणजे सूत कातण्याच्या चातीची दगडी चकती. लोंकर कातणें हें त्या समाजांत स्त्रियांचें काम. तेव्हां या वस्तींत स्त्रियाही होत्या, असें अनुमान निघतें. सागाही तेंच सांगतात. गुड्रिडनें विनलंडांत स्नोरी नांवाच्या मुलास जन्म दिला. लेइफची बहीण फ्रेयदिस ही एका सागेंत उघडी तरवार घेऊन शत्रूस पळवून लावते, तर दुसरींत स्वकीय स्त्रियांना कुऱ्हाडीनें ठार मारते. मुद्रिकेंतील एका गीताचें शीर्षक मात्र मानी पुरुषांना निरोप देणारें आहे. त्यावरून शीड दिसेनासें होईपर्यंत किनाऱ्यावर उभी राहणारी स्त्रीच डोळ्यांपुढें येते. इतिहासांतील स्त्री जहाजावर चढली होती.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. ती भूमि निर्जन नव्हती. ग्रीनलंडकरांच्या सागेप्रमाणें लेइफचा भाऊ थोरव्हाल्ड याच्या टोळीस कातड्याच्या होड्यांखालीं नऊ मूळ रहिवासी आढळले. त्यांपैकीं आठांना त्यांनीं ठार केलें. पुढें थोरव्हाल्डही बाण लागून मेला. गीतांच्या शीर्षकांत समुद्र आहे, विलाप आहे, नवी भूमि आहे. त्या आठांची मात्र खूणही नाहीं. उलट, स्वकीयांच्या पराक्रमाची कथा असूनही सागेनें तो आंकडा लपविला नाहीं.

एवढ्यावरून अशा संगीतास तुच्छ लेखावें, असें मला वाटत नाहीं. ज्या तरुणानें सागेचें नांवही ऐकिलें नसतें, तो या स्वरामागून तिच्यापर्यंत जाऊं शकतो. मुलांच्या खोलींतून असें गाणें ऐकूं आलें, तर दार ओढून घेण्यापूर्वीं तें कशाविषयीं आहे एवढें विचारावें. आणि मग मूळ कथा, त्या आठ मृतांसह, त्यांच्या हातीं द्यावी. गाणें स्मृति जागी करतें; तिला सत्याशीं बांधून ठेवणें हें आपणां वाचणाऱ्यांचें कर्तव्य आहे.